पांदण रस्ता, काळी माती आणि थार

प्रश्न (वणी परिसर, जि. यवतमाळ): आमचे शेत डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत असून, पावसाळ्यात पांदणीतली काळी माती चाकांना अशी चिकटते की ट्रॅक्टरशिवाय खताचे पोतेही आत जात नाही. २०२० नंतरची तीन दारांची महिंद्रा थार गाडी घ्यावी असा विचार आहे. परंतु गुडघेदुखीमुळे आईला दर महिन्याला नागपूरला न्यावे लागते. तिला हा प्रवास सोसेल का?

उत्तर (धारणी): आईंना पुढेच बसवा. मागे जाण्यासाठी पुढचे आसन सरकवून चढावे लागते, ते दुखऱ्या गुडघ्यांना जमणार नाही. मागच्या चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी गुंडाळीच्या (कॉइल) स्प्रिंग असल्याने हादरे सोसण्याजोगे आहेत. गाडी ६५० मिमी पाण्यातून जाऊ शकते, तरीही काठीने खोली पाहिल्याशिवाय नाल्यात घालू नका.

उत्तर (भामरागड): माझ्याकडे वेगळी, जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी) गाडी आहे. मागच्या वर्षी नाला ओलांडल्यावर महिनाभराने मेकॅनिकने मागच्या अ‍ॅक्सलचा नट उघडला, तेव्हा तेल दुधाच्या चहासारखे बाहेर आले. अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून (श्वासनळीतून) पाणी शिरले होते. ती नळी आता उंच बांधून घेतली आहे. खोल पाण्यातून गेल्यास तेल अवश्य तपासावे. कोरड्या डांबरावर मात्र फोर बाय फोर लावू नये, वळणावर गिअरांवर ताण येतो.

प्रश्नकर्ता: टायर कोणते घ्यावेत?

उत्तर (धारणी): काळ्या मातीत खोल खाचांचेच घ्या, उथळ खाचा दहा पावलांत भरतात. नागपूरच्या रस्त्यावर त्यांचा आवाज येईल, तेवढे सहन करावे लागेल.