रोआतानला उतरायचं का बोटीवरच बसायचं? गॅल्व्हेस्टनहून क्रूझ, सोबत म्हातारी माणसं आणि नात

उदगीरकर_गुरुजी
राम राम मंडळी. मी उदगीरचा, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेला माणूस. पोरगा डलासला असतो, मे महिन्यात आम्ही दोघं तिकडं चाललोय आणि पोरानं-सुनेनं आम्हाला न विचारता जूनमधली सात रात्रींची क्रूझ बुक करून टाकलीय. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघायची, मधी कोस्टा माया, रोआतान आणि कोझुमेल अशी तीन ठिकाणं घ्यायची आन परत. आम्ही म्हणलं ठीकंय, तेवढंच पोरांसोबत राहणं होतंय. पण शेजारच्या जावयानं मोबाईल काढून दाखवला की रोआतान हे होंडुरास देशात येतंय आणि अमेरिकेच्याच सरकारनं होंडुरासला लेव्हल ३ टाकलंय, म्हणजे जायचं का नाही याचा फेरविचार करा असं सरळ लिहिलंय. खून, खंडणी, टोळ्या, सगळं. ते वाचल्यापासून मंडळी म्हणायल्यात मी बोटीखाली पाय ठेवणार नाही, तुम्ही जावा, मी आपली वर बसून पोथी वाचते. पोरगा म्हणतो बाबा उगं घाबरायलात, रोज चार-चार बोटी लागतात तिथं.

आता माझी अडचण अशी की मला बीपी आहे आणि एक स्टेंट टाकलेली आहे, हिचे गुडघे गेलेले, सोबत सहा वर्षांची नात. पळायची वेळ आली तर आमच्यातलं कोणीच पळू शकत नाही, हे खरं बोलतोय. कोणी जाऊन आलंय का? उतरावं का? उतरलं तर बोटीवाल्यांची सहल घ्यावी (लई महाग सांगायलेत) का बाहेर टॅक्सी करावी? पोरगा बाहेरची टॅक्सी म्हणतोय.

बीडकर_ह्यूस्टन
गुरुजी नमस्कार. आम्ही गेल्या उन्हाळ्यात आई-अण्णांना घेऊन हाच रूट केला, तिन्ही ठिकाणी उतरलो. आधी ते लेव्हलचं सांगतो. २०१८ पासून अमेरिका प्रत्येक देशाला १ ते ४ नंबर देते (४ म्हणजे सगळ्यात वाईट), पण नंबर अख्ख्या देशाला असतो, खाली बारीक अक्षरात कुठला भाग किती वाईट ते लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. होंडुरासच्या पानावर ग्रासियास आ दियोस म्हणून पूर्वेकडचा एक भाग आहे, तो वेगळा काढून लेव्हल ४ दिलाय. टोळ्यांचा जोर तेगुसिगाल्पा आणि सान पेद्रो सुला या मोठ्या शहरांत, २०२२ च्या डिसेंबरमध्ये खंडणीवाल्यांविरुद्ध आणीबाणी लावली ती पण आधी तिथंच. रोआतान हे समुद्रातलं बेट आहे, किनाऱ्यापासून दूर, तिथली सगळी रोजीरोटी टुरिस्टवर.

आणि गंमत ऐका, त्याच यादीत आपला भारत पण लेव्हल २ आहे आणि त्यात नक्षलवादामुळं पूर्व महाराष्ट्राचा उल्लेख असतो. आता गडचिरोलीचं वाचून कोणी वेरूळला यायचं रद्द केलं तर आपण काय म्हणू? कोझुमेल आणि कोस्टा माया मेक्सिकोतल्या ज्या राज्यात येतात त्या क्विंटाना रू ला पण लेव्हल २ च आहे, म्हणजे भारताएवढंच.

दुसरं म्हणजे बोटवाल्या कंपन्यांना खरंच धोका वाटला तर ते स्वतःच त्या बंदराला बोट लावत नाहीत. हैतीमध्ये लाबादी म्हणून रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची स्वतःची जागा आहे, तिथं त्यांनी २०२४ मध्ये जाणं बंद केलं, मधी सुरू केलं, २०२५ मध्ये परत बंद केलं. स्वतःची जागा असून. त्यामुळं बोट रोआतानला लागायलीय यालाच थोडा अर्थ आहे.

नांदेडची_पूर्वा
दादा, "बोट लागते म्हणजे सेफ" हे मला पटत नाही. १८ मार्च २०१५ ला ट्युनिशिया देशातल्या ट्युनिस शहरात बार्डो म्युझियमवर हल्ला झाला तेव्हा तिथं क्रूझवरून उतरलेलेच लोक होते, त्यातले बरेच गेले, आणि कंपन्यांनी ट्युनिस बंद केलं ते त्याच्यानंतर. आधी नाही. कंपनी बातमीवर निर्णय घेते, आपल्याला बातमीच्या आधी घ्यायचा असतो.

आणि काकूंना कोणी जबरदस्ती करू नका बाई. सगळे उतरले की बोटीवर मस्त शांतता असते, जेवण चालू, स्विमिंग पूल रिकामा, लायब्ररी रिकामी. पोथी वाचायची असेल तर याच्यापेक्षा चांगली जागा नाही. एक बंदर सोडलं तर पैसे वाया गेले असं काही नसतं.

शिपवर_होतो
मी लातूरचा, हॉटेल मॅनेजमेंट करून बोटीवर नोकरी केली, कॅरिबियनमध्येच. तुम्ही सगळे खून-खंडणीवर बोलायलेत म्हणून जरा वेगळं सांगतो. आम्ही गेस्ट सर्व्हिसच्या डेस्कवर जे बघायचो त्यात चाकू-बंदूक क्वचित. पाय घसरला, उन्हानं चक्कर आली, भाड्याची स्कूटर घेतली आणि पडले, पाण्यात छातीत दुखलं, आणि बोट चुकली. हे रोजचं. सगळ्यात मोठा अपघात माझ्या ध्यानात राहिला तो कोस्टा मायाचाच, १९ डिसेंबर २०१७. चाकचोबेन म्हणून माया लोकांचं जुनं मंदिर आहे तिकडं चाललेली बस उलटली, १२ जण गेले. कोणी टोळीवाला नव्हता त्यात, रस्ता होता नुसता. म्हणून मी घरच्यांना सांगतो की गाडीत बसून लांब जायचं ते टाळा, बंदराजवळ राहा. गुरुजी, तुम्ही उदगीर-लातूर रोडवर आयुष्य काढलंय, तुम्हाला रस्त्याचं वेगळं काय सांगू.

आता बोट चुकण्याचं. हे नीट वाचा. बोटीचं एक घड्याळ असतं, शिप टाईम म्हणतात, ते मोबाईलसोबत बदलतंच असं नाही. जूनमध्ये टेक्सासचं घड्याळ पुढं केलेलं असतं, होंडुरासवाले घड्याळ पुढं-मागं करतच नाहीत, म्हणून तुमचा मोबाईल रोआतानला उतरल्या उतरल्या एक तास मागं जाईल. बोट म्हणली साडेतीनला वर या आणि तुमच्या मोबाईलवर अडीच दिसायलेत, तर तुम्हाला वाटणार अजून तास आहे की, नारळपाणी घेऊ. तिकडं बोट सुटली. कोझुमेलला जूनमध्ये हा घोळ होत नाही, तिथला टाईम उन्हाळ्यात टेक्साससारखाच, हिवाळ्यात मात्र तासभर पुढं असतो. उपाय सोपा, हातात साधं काट्याचं घड्याळ घाला आणि सकाळी उतरताना गेटवर जी वेळ लिहिलेली असते तिच्याशी लावून घ्या. मोबाईल बघूच नका.

सहलीचं म्हणाल तर बोटीवरून बुक केलेली सहल लेट झाली तर बोट थांबते, नाहीतर तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी त्यांची. बाहेरच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही, कॅप्टनचा सासरा असला तरी. त्या जास्तीच्या पैशात हा विमा धरलेला असतो असं समजा. पोरगा टॅक्सी म्हणतोय ते तरण्या माणसाला ठीक आहे, गुडघेवाल्यांना नाही.

पासपोर्टबद्दल: ओरिजिनल केबिनच्या तिजोरीत ठेवा, झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो जवळ ठेवा, बोटीचं कार्ड गळ्यात. बोट चुकलीच तर आमचे लोक तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि खाली पोर्ट एजंटकडं, म्हणजे बंदरावरच्या कंपनीच्या माणसाकडं, देतात. त्या एजंटचा नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून मगच उतरा.

नांदेडची_पूर्वा
सगळं बरोबर, पण बोटीची सहल म्हणजे कंपनीनं तपासलेली सहल असं कोणी समजू नये हं. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाईट आयलंडवर ज्वालामुखी फुटला, बेटावर ४७ जण होते, त्यातले २२ गेले, बरेचसे क्रूझवरून सहलीला आलेले. सहल चालवणारा वेगळाच असतो आणि करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तो स्वतंत्र ठेकेदार आहे, आम्ही जबाबदार नाही. बोट थांबेल एवढीच गॅरंटी. बाकी झिपलाईन (तारेवरून लटकत जायची) किती जुनी आहे, बसला बेल्ट आहेत का, लाईफ जॅकेट नातीच्या मापाचं आहे का, हे आपणच विचारायचं.

आणि गुरुजी एक वेगळाच प्रश्न, मुलाचा व्हिसा काय आहे? एचवनबी (नोकरीचा व्हिसा) असेल तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू आहे का बघायला सांगा. मेक्सिको-कॅनडाला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या शिक्क्यावर पण परत घेतात, असा नियम आहे, त्यामुळं पोरं बिनधास्त असतात. होंडुरास त्या नियमात येत नाही. टोळीवाल्यांपेक्षा मला याची जास्त भीती वाटते, कारण इथं सगळी फॅमिली गॅल्व्हेस्टनला उतरणार आणि मुलगा काउंटरवर अडकणार.

उदगीरकर_गुरुजी
पोराला लगेच फोन लावला. त्याच्याकडं रात्रीचे दीड वाजले होते, आधी चिडला, मग उठून पासपोर्ट काढला. शिक्का पुढच्या वर्षापर्यंत आहे. सूनबाईचा पण आहे. आमचा दोघांचा व्हिसा दहा वर्षांचा, कितीदाही ये-जा करता येणारा मल्टिपल वाला आहे आणि त्यावर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही असं तो म्हणतोय. होंडुरासचं क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घे म्हणलं, तोंडी नको. ताई तुमचे आभार, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

आता दवाखान्याचं सांगा कोणीतरी. स्टेंटवाला माणूस बोटीवर आजारी पडला तर?

मानवत_रोड
बोटीवर वरण-भात भेटतो का हो 😅 सीरियस विषयात घुसलो, माफी.

शिपवर_होतो
@मानवत_रोड बहुतेक बोटींवर इंडियन काउंटर असतं, आणि बुकिंगच्या वेळी जैन किंवा शाकाहारी लिहिलं तर वेगळं पण करून देतात. दाल मिळेल, गोडं वरण विसरा.

गुरुजी, बोटीवर डॉक्टर-नर्स असतात, ईसीजी होतो, ऑक्सिजन मिळतो. पण बिल सरळ तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि डॉलरमध्ये चढतं. मोठं काही झालं तर जवळच्या बंदरात उतरवतात, नाहीतर हेलिकॉप्टर. तो खर्च ऐकून दुसरा अटॅक येतो माणसाला.

विमावाली_जालना
इथं मी बोलते, माझं कामच हे आहे. अमेरिकेला येताना आई-बाबांची जी व्हिजिटर पॉलिसी (पाहुण्यांचा विमा) काढतात ना, त्यातल्या कितीतरी पॉलिसी फक्त अमेरिकेपुरत्या असतात. बोट अमेरिकेच्या हद्दीबाहेर गेली की संपलं. तीन गोष्टी विचारून घ्या: क्रूझ आणि मधले देश कव्हर आहेत का, आधीपासूनच्या आजाराचा अचानक त्रास (तुमच्या बाबतीत हृदयाचा) धरतात का, आणि उचलून दवाखान्यात न्यायचा खर्च किती लाखांपर्यंत. स्टेंट लपवू नका. लपवलं की क्लेम गेलाच. आणि भाड्याची स्कूटर कोणीही चालवू नका, त्या देशात चालेल असं लायसन नसेल तर विमा एक रुपया देत नाही.

गोळ्या इथूनच पूर्ण घेऊन जा, हँडबॅगेत, चिठ्ठीसकट. कोझुमेलला बंदराबाहेर मेडिकलची दुकानं रांगेनं असतात, स्वस्त वाटतात, तिथून काही घेऊ नका. मेक्सिकोत दुकानात विकलेल्या गोळ्यांमध्ये भेसळ सापडलीय, अमेरिकेनं तसा इशारा पण दिलाय.

बीडकर_ह्यूस्टन
गुरुजी तुमची बोट कार्निव्हल कंपनीची आहे का दुसरी? कार्निव्हलची असेल तर रोआतानला ती महोगनी बे नावाच्या बंदराला लागते, आता नाव बदलून इस्ला ट्रॉपिकाले केलंय. तिथं गेटच्या आतच बीच आहे, दुकानं आहेत, आणि बीचपर्यंत जायला रोपवेसारखी खुर्ची आहे, लटकत जायची. बाहेर गावात जायची गरजच नाही. आमच्या आईला पण गुडघ्याचा त्रास आहे, ती त्या खुर्चीत दोनदा बसली आणि खाली यायला तयार नव्हती. दुसऱ्या बऱ्याच कंपन्या कॉक्सन होलच्या बंदराला लावतात, तिथं गेटच्या बाहेर टॅक्सीवाले अंगावर येतात, "माय फ्रेंड माय फ्रेंड" करत. त्यांच्याकडं न बघता चालायचं, मुंबईच्या दादर स्टेशनवर चालतो तसं. कोस्टा मायाला पण बंदराच्या आतच पूल-बिल सगळं आहे.

स्नॉर्कलिंगला मात्र गुरुजी तुम्ही उतरू नका. प्रवाळ सुंदर आहे, जगातल्या मोठ्या प्रवाळरांगांपैकी एक आहे ती, पण तोंडात नळी घेऊन पाण्यात पोहत श्वास घेणं स्टेंटवाल्याला नको. काचेच्या तळाची होडी असते, तिच्यातून तेच दिसतं.

उदगीरकर_गुरुजी
कार्निव्हलचीच आहे! पोरगा म्हणतोय मी हेच सांगत होतो. नाही सांगितलं त्यानं, असो.

मंडळींना खुर्चीचा व्हिडिओ दाखवला. म्हणायल्यात खुर्चीपुरती येते, गेटच्या बाहेर नाही, आणि दुपारी दोनच्या आत वर यायचं. बोटीच्या दोनला का मोबाईलच्या दोनला विचारलं तर म्हणे जे आधी वाजंल त्याला. चाकचोबेनची बस रद्द केली, सून जरा नाराज आहे, तिला माया मंदिर बघायचं होतं. ती आणि पोरगा दोघंच जाणार का हे त्यांचं त्यांनी ठरवावं, नात मात्र आमच्याजवळ राहणार, त्यात चर्चा नाही. विम्याचं ताईंनी सांगितलेले तिन्ही प्रश्न पोराला पाठवलेत.

शिपवर_होतो
चांगलं ठरवलं. नात तुमच्याकडं ठेवणार असाल तर एकच: आई-बाप बाहेर आणि तुम्ही आत, तर दोघांकडं बोलायला काय आहे ते आधी बघा. बोटीच्या ॲपवरचं चॅट बोटीच्या वायफायपुरतंच चालतं, बाहेर गेलं की बंद. तुमच्या भारतीय सिमकार्डला समुद्रात जे नेटवर्क पकडतं ते बोटीचंच सॅटेलाईट असतं आणि त्याचं बिल भयंकर येतं, म्हणून गॅल्व्हेस्टन सोडलं की फोन फ्लाईट मोडवर टाका. पोराच्या अमेरिकन नंबरला मेक्सिको-होंडुरासचं रोमिंग आहे का ते त्याला आत्ताच कंपनीला विचारायला लावा.

आणि रोआतानला वाळूत बारीक माश्या असतात, डोळ्याला दिसत नाहीत, पण चावल्या की आठवडाभर खाजतं. डास पळवायचं क्रीम आणि खोबरेल तेल दोन्ही न्या, पोरीच्या पायाला उतरायच्या आधीच लावा.