एका डिस्कवरून पाच औषधांचा निकाल रिपोर्टवर छापावा का?

लातूरची लॅब:
लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला की प्लेटवर सेफाझोलिन या अँटिबायोटिकची 30 मायक्रोग्रॅमची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) लावतात. झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, 15 मिमी किंवा जास्त आला, तर साध्या मूत्रसंसर्गात सेफॅलेक्सिन, सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफडिनिर या गोळ्याही चालतील असं सीएलएसआय या लॅब-टेस्टची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचे निकष सांगतात. तिथवर ठीक. पण झोन 14 आला की या सगळ्या गोळ्यांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही) छापलेले रिपोर्ट माझ्यापर्यंत येतात, ते मला मान्य नाही. सेफाझोलिनला न जुमानणारा जंतू शेवटच्या तिन्हींपैकी एखादीला दाद देऊ शकतो. त्यांची डिस्क वेगळी लावून बघावी लागते.

सेलूचे डॉक्टर:
मॅडम, माझ्याकडे वाड्या-तांड्यांवरून पेशंट येतात. 'पुढची टेस्ट करा' म्हटलं तर मजुरीवरची बाई परत येत नाही. आणि 'आर' जास्तीचा छापला गेला तर बिघडलं काय? मी दुसरं औषध देईन.

लातूरची लॅब:
डॉक्टरसाहेब, ते दुसरं औषध बऱ्याचदा इंजेक्शन असतं. गोळीवर भागलं असतं तिथे सलाईन, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. बाईला परत बोलवायचंच नाही, पहिल्याच प्लेटवर सेफपोडॉक्झिमची डिस्क लावायची. आणि थंडी-ताप, कंबरदुखी असेल, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल, तर गोळ्यांबद्दलचं हे अनुमान लागूच होत नाही. रिपोर्टवर हेही कुणी लिहीत नाही!

अंबाजोगाईचा रेसिडेंट:
ताई, अनुमानाला सरसकट दुय्यम ठरवू नका. स्टॅफ ऑरियस या जंतूमध्ये सेफॉक्सिटिनच्या डिस्कचा झोन 21 किंवा कमी म्हणजे एमआरएसए, मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ. तिथे 'आर' जवळजवळ सगळ्या बीटा-लॅक्टमना, म्हणजे पेनिसिलिन-सेफाझोलिनच्या घराण्यातल्या औषधांना लागतो, सेफ्टारोलिनसारखा अपवाद सोडून. टायफॉइडमध्ये सिप्रोच्या डिस्कला हलका रेझिस्टन्स निसटतो, सिप्रोच्याच घराण्यातल्या पेफ्लॉक्सासिनची डिस्क तो पकडते. म्हणजे नातलगाची टेस्ट मूळ औषधाच्या टेस्टपेक्षा सरस!

लातूरची लॅब:
बरोबर, आणि त्या टेस्ट आम्ही तशाच लावतो. एमआरएसएमध्ये जंतूचं लक्ष्य-प्रथिनच बदललेलं असतं, त्यामुळे अख्खं घराणं निकामी होतं. ई. कोलायची एंझाइमं मात्र एक औषध जास्त तोडतात, दुसरं कमी. टेट्रासायक्लिनचंही तसंच: 'एस' (जंतू दाद देतो) आला तर त्याच घराण्यातली डॉक्सी चालेल, 'आर' आला तर डॉक्सी वेगळी तपासावी. म्हणून माझी मागणी एवढीच की डिस्क कुठली लावली, झोन किती आला ते छापा, आणि अनुमानापुढे 'सेफाझोलिनवरून' असं लिहा.

सेलूचे डॉक्टर:
खूण छापा, मी वाचेन. पण जादा डिस्कचे पैसे पेशंटच्या बिलात लावणार असाल तर माझा विरोध कायम.