कपाटामागे काळे ठिपके, खाली पांढरी भुकटी: हे एकच आहे का?

प्रश्न (नागपूरच्या मानेवाड्याहून)

नमस्कार. पोळ्याआधी घर झाडायला काढलं आणि सासूबाईंच्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून हलवलं. मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. मोहरी सांडावी तसे बारीक ठिपके, कोपऱ्यात मात्र तळहाताएवढे डाग. बोट फिरवलं तर काजळासारखं लागलं. त्याच भिंतीला खाली, गुडघ्यापर्यंत, रंगाचे पोपडे सुटून पांढरी भुकटी पडून राहिली आहे. कपाटातल्या साड्यांना कुबट वास, आईंच्या चामडी पर्सवर हिरवट लव.

गेल्या दिवाळीला पेंटरने हीच भिंत घासून पुट्टी मारली होती आणि आता दहा वर्षं पाहायचं काम नाही म्हणाला होता. एक पावसाळा टिकलं नाही.

आई याच भिंतीकडे डोकं करून झोपतात. जुलैपासून रात्री खोकला, सकाळी शिंकांवर शिंका. लेकीकडे अमरावतीला आठ दिवस राहिल्या तर खोकला बंद, घरी आल्या की परत सुरू. औषध चालू आहे, पण डॉक्टरांना मी भिंतीचं काही सांगितलं नाही, मलाच ठाऊक नव्हतं कपाटामागे काय वाढून राहिलं आहे. फार जीवाला लागलं हे.

कूलर याच भिंतीच्या खिडकीत आहे. उकडत होतं म्हणून यंदा जुलै अर्धा होईपर्यंत चालवला. हे सगळं एकाच कारणाने झालं का?

उत्तर (बांधकाम सुपरवायझर, आता निवृत्त)

ताई, दोन वेगळी दुखणी एकाच भिंतीला आहेत आणि पेंटरने दोन्हींवर एकच पुट्टी फासली.

खालची पांढरी भुकटी बुरशी नाही, क्षार आहेत. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते आणि वाळताना क्षार मागे ठेवते. चिमूटभर भुकटी वाटीभर पाण्यात टाका. विरघळली तर क्षार, बुरशी विरघळत नाही. आपली काळी माती पावसाळाभर पाणी धरून बसते. त्यात घरासमोर सिमेंटचा रस्ता उंच झाला असेल किंवा अंगण भरून घेतलं असेल, तर जोतं खाली जातं आणि पाणी भिंतीशीच तुंबतं. बाहेर जाऊन हे आधी पाहा.

वरचे काळे ठिपके ही बुरशी. तिला भिंतीतून पाणी झिरपायलाच हवं असं नाही, कोंडलेली दमट हवा पुरते. कपाट भिंतीला चिकटवलं की मागे वारा फिरत नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश आणि हवा ठणठणीत कोरडी, तेव्हा कूलरच्या ताटीवरचं पाणी उडतं आणि गारवा येतो. पाऊस लागला की हवाच पाण्याने भरलेली असते. मग कूलर गार करत नाही, नुसता ओलावा खोलीत ढकलतो. पहिला मोठा पाऊस झाला की कूलरचं पाणी काढून टाकायचं आणि पंख्यावर भागवायचं.

खात्री करायची तर भिंत पुसून हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवस राहू द्या. आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूने, पाणी आलं तर ओल भिंतीतून येते. बाहेरून दव धरलं तर खोलीतल्या हवेतून. एक खाली लावा, एक वर. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळतं, आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा.

आणि रंगावरून घाबरू नका. बुरशी काळी म्हणजे विषारी आणि हिरवी म्हणजे साधी, असं डोळ्यांनी ठरत नाही. कोणतीही असो, ती काढायची आणि ओल थांबवायची.

उत्तर (अंबाझरी लेआउटहून)

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात आमच्या घरात कंबरभर पाणी होतं. ओली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. प्लायचा दिवाण जीव होईना म्हणून ठेवला. चौथ्या दिवशी फळी उचलली तर खाली कापूस पिंजून ठेवल्यासारखी पांढरी बुरशी. शेवटी गादीसकट टाकून दिला. लोखंड, काच, फरशी धुऊन निघते. प्लाय, गादी, उशी यांच्या आत गेलेली बुरशी निघत नाही.

ताई, कोरड्या ब्रशने अजिबात घासू नका, सगळं हवेत उडतं. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं, आणि पुसून झालं की फडकं फेकून द्या. डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. आईंना आजच दुसऱ्या खोलीत हलवा आणि भिंतीचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा मानेवाड्याहून

भाऊ, ताई, मनापासून आभार. भुकटी वाटीत विरघळली. खालच्या प्लास्टिकला आतून थेंब होते, वरच्याच्या आत काहीच नाही. मीटर रात्री ८१ दाखवत होतं. बाहेर पाहिलं तर कूलरची नळी तुटलेली, उन्हाळाभर पाणी जोत्याशीच पडत होतं. कूलर उतरवला, कपाट वीतभर पुढे घेतलं. आई पुढच्या खोलीत झोपतात, तीन रात्री खोकला कमी आहे. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि छाती पुन्हा तपासायला बोलावलं आहे.

एक विचारायचं राहिलं: खालचं प्लास्टर किती उंचीपर्यंत काढू?

उत्तर (सुपरवायझर)

क्षार दिसतात त्याच्या फूटभर वरपर्यंत. आधी अंगणाचा उतार भिंतीपासून बाहेर काढा. मग भिंत उघडीच वाळू द्या, यंदाच्या दिवाळीला रंग लावू नका.