सगळं धर्मगुरूच चालवतात असं नाही

वर एकांनी म्हटलंय की कॅथलिक सामान्यजनांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या, संघटना म्हणजे धर्मगुरूंनी हाताशी धरलेली माणसं. काही ठिकाणी तसं असेलही, पण सरसकट पटत नाही. गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, ती फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांमुळे. ओझानाम तेव्हा २० वर्षांचा विद्यार्थी होता. १९२१ मध्ये डब्लिनला लीजन ऑफ मेरी ही प्रार्थना आणि सेवा करणारी संघटना काढणारा फ्रँक डफ सरकारी नोकर. फोकोलारे या कॅथलिक चळवळीत तर नियमानेच अध्यक्षपद स्त्रीकडे असतं, आणि तिथे धर्मगुरूही सदस्य आहेत बरं का!

हक्काचं म्हणाल, तर १९८३ च्या चर्चच्या कायदासंहितेतलं कलम २१५ श्रद्धावंतांना स्वतः संघटना काढायची मोकळीक देतं. नावात ‘कॅथलिक’ लावायचं असेल तर मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांची संमती घ्यावी लागते.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. ती म्हणजे संस्थापकाभोवतीचं वलय. वर्षानुवर्षं तोच प्रमुख, मग त्याला हिशेब विचारला तरी श्रद्धा कमी पडली असं ठरतं. म्हणूनच २०२१ साली व्हॅटिकनने अशा आंतरराष्ट्रीय संघटनांच्या केंद्रीय पदांना मुदत घातली: एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षं आणि सलग १० च्या वर नाही. संस्थापकांना यातून सूट मिळू शकते. म्हणजे गरज जिथे सर्वात जास्त, नेमकी तिथेच फट! ‘धर्मगुरूंचा ताबा’ या मुद्द्यापेक्षा मला तरी हे जास्त खटकतं.