‘फिट्झगेराल्ड’मधील ‘फिट्झ’

पुण्यात बंड गार्डनजवळ मुळा-मुठेवरील जुन्या दगडी पुलाला मुंबई इलाख्याचे १८६७ ते १८७२ या काळातील गव्हर्नर सर सीमोर फिट्झगेराल्ड यांचे नाव दिलेले आहे. या नावातील ‘फिट्झ’ म्हणजे अनौरस संतती, असा समज बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो मुळात चुकीचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

‘फिट्झ’ म्हणजे निव्वळ ‘मुलगा’. लॅटिन ‘फिलिउस’पासून जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द झाला, तो १०६६ च्या स्वारीनंतर उत्तर फ्रान्समधील नॉर्मनांबरोबर इंग्लंडात आला. आपल्या मोडी कागदांत ‘अमका बिन तमका’ अशी नोंद असते, तिथे ‘बिन’ जे काम करतो, तेच काम हा शब्द करत असे, आणि म्हणूनच सुरुवातीला ते आडनाव नव्हतेच, कारण बाप बदलला की नाव बदलत असे. इंग्लंडातील जमिनींच्या १०८६ च्या ‘डूम्सडे’ या नोंदवहीत ज्याची जमीन नोंदलेली आहे तो विंडसर किल्ल्याचा रखवालदार वॉल्टर हा ‘फिट्झ ओथर’, म्हणजे ओथरचा मुलगा. त्याचा मुलगा जेरल्ड हा वेल्समधील पेम्ब्रोक किल्ल्याचा किल्लेदार. जेरल्डचा मुलगा मॉरिस हा ‘फिट्झजेरल्ड’, जो ११६९ मध्ये आयर्लंडच्या स्वारीवर गेला. आणि मॉरिसचा मुलगा पुन्हा ‘फिट्झमॉरिस’. पुढे केव्हातरी हे पिढीगणिक बदलणे थांबले आणि जेरल्डचे नाव साऱ्या घराण्याला कायमचे चिकटले. या घराण्याच्या एका शाखेला १३१६ मध्ये किल्डेअरची आणि दुसरीला १३२९ मध्ये डेस्मंडची अर्लपदवी मिळाली.

अनौरसपणाचा अर्थ आला तो इंग्लंडच्या राजघराण्यामुळे. आठव्या हेन्रीने आपल्या अनौरस मुलाला ‘फिट्झरॉय’ म्हणजे ‘राजपुत्र’ हे नाव दिले, दुसऱ्या चार्ल्सनेही तेच केले, आणि चौथ्या विल्यमची अनौरस मुले ‘फिट्झक्लॅरेन्स’ झाली. या थोड्या पण गाजलेल्या उदाहरणांवरून, त्यापूर्वी काही शतके रूढ असलेल्या साध्या पितृवाचक नावांवर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. फिट्झ असलेले प्रत्येक घराणे नॉर्मनच, असेही मानू नये. ‘फिट्झपॅट्रिक’ हे मूळचे आयरिश नाव असून त्याला फक्त नॉर्मन पेहराव चढवलेला आहे. उलट ‘जेरल्ड’ हा शब्द जर्मानिक आहे: ‘भाला’ आणि ‘सत्ता’ या दोन शब्दांचा तो समास.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उच्चार. जुन्या फ्रेंचमध्ये शेवटच्या ‘झेड’चा उच्चार आपल्या ‘चाक’ किंवा ‘चूल’मधील दंततालव्य ‘च’सारखा होता. फ्रेंचांनी पुढे तो सोडला आणि आज ते मुलाला ‘फिस’ म्हणतात. इंग्रजीने मात्र आडनावात ‘फिट्स’ हा बाराव्या शतकातला ध्वनी जवळजवळ तसाच सांभाळून ठेवला. म्हणजे मराठी लेखनातील ‘झ’ हा लिपीतील अक्षर पाहून आलेला आहे, कानाने ऐकून आलेला नाही, आणि ‘गेराल्ड’मधील ‘ग’चेही तसेच आहे. पुलाचे नाव दीडशे वर्षे ज्या रूपात रुळले आहे त्याच रूपात राहू द्यावे, परंतु व्यक्तींची नावे नव्याने लिहिताना ‘फिट्सजेरल्ड’ असेच लिहावे, असे माझे मत आहे.