चढाईपटूची चाल आधी ओळखायला पोरांना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. गावात 14-16 वर्षांच्या पोरांना कबड्डी शिकवतो. घोटा पकड सरावात झकास जमते, पण सामन्यात आमचा डावा कोपरा (डाव्या टोकाला उभा राहणारा बचावपटू) कायम उशिरा. चढाईपटू बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण) घेऊन वळला की मग हा झेपावतो. दोष एकच, पोरगा हातांकडे बघतो. अरे, हात तर हुलकावणीसाठीच असतात! बोनसला मागचा पाय हवेत उचलावाच लागतो, म्हणून कंबर बघ, वजन कुठल्या पायावर सरकतंय ते बघ, असं रोज ओरडतो.

सध्या मोबाईलवर चढाईचा व्हिडिओ लावून पाय उचलायच्या आत थांबवतो आणि विचारतो, "आता काय करेल?" उत्तरं बरोबर येतात, पण बसल्या जागी. मैदानात उतरलं की पुन्हा तेच.

हे मैदानावर कसं उतरवायचं? कुणी केलंय का? दुसरा एक तर इतका अंदाज बांधतो की हुलीलाच उडी मारून फुकट गुण देतो. त्याला आवरू कसा? आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत समोरच्याला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद. तेव्हा धीर धरायचा, हे यांच्या डोक्यात कसं बसवू?