दुपारी बारालाच मान टाकणारा फोन : बॅटरी बदलू की फोनच?

कसब्यातले_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी पौरोहित्य करतो, राहायला कसबा पेठेत, वाड्यात. फोन अडीच वर्षांचा, बॅटरी ५००० एमएएच. पहाटे संध्या आटपेपर्यंत चार्जिंगला असतो, साडेपाचला शंभर टक्के घेऊन निघतो आणि बाराच्या सुमाराला पंधरावर येतो.

गेल्या रविवारी रावेतला वास्तुशांत होती. गेटवर वॉचमन ओटीपी मागतोय, ओटीपी यजमानांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि फोनने तिथेच राम म्हटला. एका हातात समिधांचा भारा, दुसऱ्या हातात होमकुंड, वीस मिनिटं उभा. अख्खा रुद्र पाठ आहे, यजमानांचा नंबर पाठ नाही.

दिवस असा : स्कूटरच्या हँडलला फोन, त्यावर नकाशा. पूजेत अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉल. तो बहुतेक वेळा माझ्याच फोनवरून, कारण आजीआजोबांना 'त्यातलं कळत नाही'. सत्यनारायणाचे पाच अध्याय होईपर्यंत कॉल चालू, सोवळ्यात मी फोनला हात लावत नाही म्हणून आरतीनंतरही चालूच. मग दक्षिणा यूपीआयवर.

करून पाहिलेले उपाय : सगळी ॲप वर सरकवून बंद करतो. बॅटरी वाचवणारं एक ॲप टाकलं, ते जाहिराती दाखवतं. भाचा म्हणाला, शून्यावर आणून मग शंभर करा, महिनाभर केलं. एका दुकानात दाखवला, तर हातात न घेताच 'बोर्ड गेलाय, नवीन घ्या'. भाद्रपदात चतुर्थीला अकरा घरं आहेत. त्याआधी काय करू?

निवांत_कर्वेनगर

वीस हजार एमएएचची पॉवर बँक घ्या. विषय संपला.

स्क्रूड्रायव्हर

गुरुजी, माझं तापकीर गल्लीच्या तोंडाशी छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी कव्हर काढून फोन काचेच्या टेबलावर उताणा ठेवा आणि बोटाने गिरकी द्या. भोवऱ्यासारखा फिरला तर पाठ फुगलीय, म्हणजे आत बॅटरी फुगलीय. तसं असेल तर त्या क्षणापासून चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, सरळ बदलायची.

नाही फिरला तर सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा आणि वापराची यादी बघा. कोण किती टक्के खातंय ते इथे लिहा. न बघता बॅटरी बदला म्हणणारा माल विकतोय. मीही विकतो, पण बघून.

आणि कर्वेनगरकर, पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टचा. बाहेर ५ व्होल्ट काढताना आणि उष्णतेत बरंच जातं. दहा हजारच्या बँकेतून फोनला सहा-साडेसहा हजार मिळाले तरी चांगली म्हणायची. शिवाय गुरुजींनी आणखी अर्धा किलो कशाला वागवायचं?

कसब्यातले_गुरुजी

गिरकी घेत नाही, घासत थांबला. यादीत मात्र गंमत आहे. मला वाटलं नकाशा पहिला असेल. पहिलं आहे 'मोबाइल नेटवर्क'. रात्री दहाला ८० होते, पहाटे चारला उठलो तर ६१. मी झोपलेला, मग हा काय करत होता?

इलेक्ट्रोलाइट

टॉवर शोधत होता. बॅटरीवर काम करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

वाड्याच्या भिंती किती जाड आहेत? दीड-दोन फूट माती-विटा असतील आणि समोर नवी इमारत उभी राहिली असेल, तर माजघरात रेंजची एखादीच काडी येत असणार. सिग्नल जितका क्षीण, तितका फोनला टॉवरपर्यंत पोचायला ओरडावं लागतं, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी लागते. त्यात ५जी आत्ता मिळतंय, आत्ता नाही, असं झालं की रात्रभर ५जी-४जी अशा कोलांट्या. घरात ४जी वर ठेवून बघा. घरी वायफाय असेल आणि तुमची कंपनी देत असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करा.

ॲप सरकवून मारणं सोडा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेल्या फोनमधल्या ॲपना यंत्रणा स्वतःच झोपवते. तुम्ही व्हॉट्सॲप मारता, पाच मिनिटांनी ते पहिल्यापासून उभं करायला उलट जास्त ऊर्जा जाते. ते जाहिरातवालं ॲप आजच काढा.

भाच्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. अर्धवट खर्चून भरत राहिलं की त्यांना तेवढंच द्यायची सवय लागायची. तुमच्या फोनमधल्या लिथियम-आयनला तसली सवय लागत नाही. शून्यावर नेणं तिला मानवत नाही आणि शंभरवर तासन्‌तास ठेवणंही नाही. वीस ते ऐंशीच्या आत जितका वेळ जाईल तितकं बरं. पण यासाठी जीव टांगणीला लावू नका. बाहेर जायच्या दिवशी शंभर करा, बॅटरी आपल्यासाठी आहे.

खरा शत्रू उष्णता. हँडलवर दुपारचं ऊन, उन्हामुळे पडदा पूर्ण उजेडात, खाली जीपीएस, त्यात काहीजण तिथेच चार्जिंगही लावतात. फोन हाताला चटका देतो तेव्हा आतली रसायनं कायमची झिजत असतात. डिकीतही नको, तीही तापते. झोळीत ठेवा. निघण्यापूर्वी रस्ता बघून घ्या, अडलं तर बाजूला थांबून पुन्हा बघा.

आता कटू भाग. शंभर टक्के खर्च म्हणजे एक चक्र, मग ते दोन दिवसांत ५०-५० झालं तरी. तुमचं रोज एक तरी होतंय, म्हणजे अडीच वर्षांत नऊशेच्या आसपास. बऱ्याच फोनमध्ये ५०० ते ८०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरणं अपेक्षित धरतात. तेव्हा ५००० आता ५००० नाहीत. बॅटरी बदलाच, अधिकृत केंद्रातून. पण आधी नेटवर्कचं बघा, नाहीतर नवीही अशीच रात्री गळेल.

वाकडची_सून

यजमानांच्या बाजूने लिहिते. आमच्या गुरुजींसाठी आम्ही तांब्या-पळीबरोबर चार्जर आणि वायफायचा पासवर्डही चौरंगाशेजारी मांडतो. दिरांना कॉल आमच्या टॅबवरून. तुम्ही पूजेच्या सामानाची यादी पाठवता ना, नारळ, सुपाऱ्या, विड्याची पानं? त्यातच खाली लिहा : 'व्हिडिओ कॉलसाठी घरचा फोन'. कोणी नाही म्हणणार नाही. लाजेपायी विचारत नाही आम्ही, एवढंच.

कसब्यातले_गुरुजी (दीड महिन्यानंतर)

सांगायचं राहिलं होतं. माजघरात खरंच एक काडी येते. फोन रात्री ओसरीच्या खिडकीत ठेवायला लागलो, ४जी केलं, शेजारच्या वायफायचे अर्धे पैसे देऊन वायफाय कॉलिंगही. रात्रीचे एकोणीस टक्के जात होते, आता चार. बॅटरी त्यानंतर बदलली. यादीत नारळानंतर 'घरचा फोन' लिहितो. एका आजोबांनी लँडलाइन आणून ठेवला, पण बाकी ठिकाणी जमतंय.

चतुर्थीला पहाटे चारला निघालो, पावणेदोनला अकरावी प्रतिष्ठापना झाली तेव्हा ३८ टक्के शिल्लक. फक्त नवव्या घरी घोटाळा झाला. बाणेरच्या सोसायटीत बी विंगऐवजी डी विंगमध्ये गेलो, त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, मी आचमन करून संकल्पापर्यंत पोचलो आणि दारात त्यांचे गुरुजी उभे.